विधिवस्तूंची शोभा आणि मराठी ज्यू वारसा : सिओना बेंजामिन यांच्या कलानिर्मितीचा एक अभ्यास

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजाचा उल्लेख मराठी इतिहासलेखनात प्रामुख्याने तीन संदर्भांत येतो. कोकण किनाऱ्यावर नवगावजवळ फुटलेल्या जहाजाची परंपरागत कथा, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून मिळालेले ‘शनिवार तेली’ हे नाव आणि १९४८ नंतर इस्रायलकडे झालेले स्थलांतर. मराठवाड्यातील अभ्यासकाला तर हा समाज बहुधा ग्रंथांतूनच भेटतो. पेणकर, नवगावकर, किहीमकर, दिवेकर ही आडनावे ज्यू घराण्यांचीही आहेत, हे सांगितल्याशिवाय ध्यानात येत नाही. या समाजाची भाषा, पोशाख व आहार यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्या मानाने त्यांच्या धर्मविधीत वापरल्या जाणाऱ्या वस्तूंकडे, म्हणजे दिवे, ताटे, ग्रंथपट व प्रार्थनापुस्तके यांच्याकडे, कलेच्या इतिहासाची सामग्री म्हणून पाहण्याचा प्रयत्न मराठीत कमी झाला आहे. मुंबईत जन्मलेल्या बेने इस्रायल चित्रकर्त्री सिओना बेंजामिन यांच्या निर्मितीच्या आधारे या वस्तूंचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विधी ठरलेला, आकार मोकळा

ज्यू धर्मशास्त्राने विधी काटेकोरपणे सांगितला असला तरी विधीला लागणाऱ्या वस्तूंचा आकार बव्हंशी मोकळा ठेवला आहे. शब्बाथचा दिवा केव्हा लावावा हे निश्चित आहे. तो पितळेचा असावा की काचेचा, याविषयी बंधन नाही. आज्ञा केवळ पाळू नये, ती सुंदर रीतीने पाळावी, असे तालमूदमध्ये म्हटले आहे. या संकल्पनेला ‘हिद्दूर मित्झवा’ असे नाव आहे. निर्गमाच्या पंधराव्या अध्यायातील एका वचनाचा अर्थ लावताना सुंदर मांडव, सुंदर शिंग, सुंदर ग्रंथपट अशी उदाहरणेच तेथे दिली आहेत. परिणामी ज्यू समाज ज्या भूमीत राहिला त्या भूमीतील कारागिराचा हात त्याच्या विधिवस्तूंत उतरला. युरोपात तोराच्या ग्रंथपटाला भरजरी गवसणी आली, तर पश्चिम आशियात लाकडी किंवा चांदीची उभी पेटी आली.

कोकणात काय घडले? बेने इस्रायलांकडे दीर्घ काळ धर्मग्रंथ नव्हते. शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढाच वारसा पिढ्यान्‌पिढ्या टिकला. अशा स्थितीत त्यांच्या विधिवस्तू म्हणजे कोकणी घरातील वस्तूच होत्या. संदेष्टा एलियाच्या स्मरणार्थ होणाऱ्या मलिदा विधीत भिजवलेले गोड पोहे, खोबऱ्याचा कीस आणि फळे ताटात रचली जातात. हे ताट कोणा अभिकल्पकाने घडविलेले नाही, तरी ती विधिवस्तूच आहे. सणांची नावेही अशीच घरगुती होती. रोश हशाना हा ‘नव्याचा सण’, सुक्कोथ हा ‘खिरीचा सण’ आणि पुरीम हा ‘होळीचा सण’ म्हणून ओळखला जाई. यातील शेवटचे नाव पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर अर्थात सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनालय उभारले. त्यानंतर रेवदंडा, अलिबाग, पनवेल येथे प्रार्थनालये झाली. तोराचे ग्रंथपट, त्यांची चांदीची शिखरे आणि छताला टांगलेले काचेचे तेलदिवे अशी सामग्री त्यांतून जमत गेली. तथापि या काळातील सर्वांत बोलकी वस्तू चांदीची नसून कागदाची आहे. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या सचित्र हगादामध्ये, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाच्या पुस्तकात, हिब्रू मजकुरासोबत मराठी भाषांतर आहे. त्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या दाखविल्या आहेत. चित्रांची कल्पना युरोपीय हगादांवरून घेतलेली असली तरी स्वयंपाकघर मात्र मराठी आहे. मिसर देशातील गुलामगिरीतून मुक्त झाल्याची कथा आपल्याच घरात घडत आहे, असे सुचविण्याचे धैर्य या अल्पशिक्षित समजल्या गेलेल्या समाजाने दाखविले, हे नोंदविणे अगत्याचे आहे.

आधुनिक विधिवस्तूंचा प्रवाह

विसाव्या शतकात विधिवस्तूंच्या अभिकल्पाला आधुनिक वळण देणाऱ्यांत लुडविग येहुदा वोल्पर्ट यांचे नाव अग्रभागी आहे. १९०० मध्ये जर्मनीतील हिल्डेसहाइम येथे जन्मलेल्या वोल्पर्ट यांचे शिक्षण फ्रँकफुर्टच्या कलाशाळेत झाले. बाउहाउस परंपरेतील धातुकार क्रिस्टियन डेल यांचा त्यांच्यावर प्रभाव होता. चांदी, काच व शिसवीसारखे काळे लाकूड वापरून १९३० मध्ये त्यांनी वल्हांडणाचे तीन मजली ताट घडविले. त्यावर वेलबुट्टी नाही, सिंह नाहीत, मुकुट नाहीत. वस्तूचे कार्य हेच तिचे सौंदर्य. १९३३ मध्ये ते पॅलेस्टाइनला गेले आणि पुढे जेरुसलेमच्या नव्या बेझालेल कलाशाळेत शिकवू लागले. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यू संग्रहालयात त्यांनी टोबे पाशर कार्यशाळा सुरू केली. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. अलंकरण वगळल्यावर उरलेल्या मोकळ्या जागी त्यांनी हिब्रू अक्षरे आणली. अक्षर हाच धातूचा आकार झाला.

वोल्पर्ट यांनी अलंकार काढून टाकून आधुनिकता साधली. सिओना बेंजामिन यांचा मार्ग नेमका उलट आहे. त्यांनी अलंकार परत आणला.

सिओना बेंजामिन : घडण

बेंजामिन यांचा जन्म १९६० मध्ये मुंबईत झाला. घर ज्यू, शेजार हिंदू-मुसलमानांचा आणि शिक्षण कॅथलिक व पारशी शाळांत, असे त्यांचे बालपण होते. सर ज. जी. कलाशाळेत शिकल्यानंतर त्या अमेरिकेत गेल्या. तेथे त्यांनी चित्रकला व रंगमंचाचे नेपथ्य या दोन विषयांत पदव्युत्तर पदव्या घेतल्या. नेपथ्याचे हे शिक्षण त्यांच्या परिचयात एका ओळीत उरकले जाते. वस्तुतः चित्रातील अवकाश रंगमंचासारखा बांधण्याची त्यांची सवय तेथूनच आली असावी.

‘घराचा शोध’ असा अर्थ असलेल्या दीर्घ चित्रमालिकेत त्यांनी अपारदर्शक जलरंग व सोन्याचा वर्ख वापरून लघुचित्रशैलीचा अवलंब केला. त्यातील स्त्रिया निळ्या वर्णाच्या आहेत. मराठी प्रेक्षकाला येथे कृष्णाची आठवण होणे स्वाभाविक आहे आणि कलावतीलाही ती अभिप्रेत आहे. आकाश व समुद्र यांचा रंग कोणत्याच एका देशाचा नसतो, हा दुसरा अर्थही त्या सांगतात. सारा, हागार, वश्ती, लिलिथ या धर्मकथांतील स्त्रिया त्यांच्या चित्रांत येतात त्या आजच्या काळातील विस्थापित होऊन.

या मालिकेतील ‘तिक्कुन हा-ओलाम’ हे २००० सालचे चित्र विधिवस्तूच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. शीर्षकाचा अर्थ जगाची दुरुस्ती असा होतो. चित्रातील निळ्या स्त्रीला अनेक हात आहेत. देवीच्या मूर्तीचे संस्कार घेऊन पाहणाऱ्यास ते देवीचे हात वाटतात. मेनोरा पाहत वाढलेल्यास त्याच हातांत दीपवृक्षाच्या शाखा दिसतात. दोन्ही वाचने एकाच वेळी खरी ठरतात, आणि हे साधणे दिसते तितके सोपे नाही. मूर्तिपूजेला कठोर विरोध असलेल्या धर्माची विधिवस्तू येथे मूर्तीच्या आकारातून व्यक्त झाली आहे. काही श्रद्धावंतांना हे खटकू शकते. पण चित्र पूजेसाठी नाही आणि त्यात दिवाही लावायचा नाही. ते विधिवस्तूविषयीचे चित्र आहे, विधिवस्तू नव्हे. हा भेद काटेकोरपणे पाळला नाही तर बेंजामिन यांना सरसकट विधिवस्तूंच्या अभिकल्पक म्हणण्याची चूक होते.

एस्तेरचा ग्रंथपट

हा भेद ज्या कृतीत ओलांडला गेला ती म्हणजे २०१० च्या सुमारास बेंजामिन यांनी चित्रांकित केलेला एस्तेरचा ग्रंथपट. पुरीमच्या सणाला वाचल्या जाणाऱ्या या ग्रंथाचे ज्यू परंपरेतील स्थान विशेष आहे. तोराच्या ग्रंथपटात अक्षरांव्यतिरिक्त काहीही चालत नाही. एस्तेरच्या हिब्रू ग्रंथात मात्र देवाचे नाव एकदाही येत नाही, आणि बहुधा त्यामुळेच चित्रकाराला येथे प्रवेश मिळाला. इटलीत सोळाव्या शतकापासून एस्तेरचे सचित्र ग्रंथपट तयार होऊ लागले. प्रार्थनालयात वाचावयाची प्रत सहसा साधी असे; सचित्र प्रत घरच्या वापराची, भेटीदाखल देण्याची. असा ग्रंथपट करताना मजकूर प्रशिक्षित लेखनिकाने चर्मपत्रावर हाताने लिहावा लागतो. स्तंभांची रचना आधी ठरते आणि चित्रकाराने उरलेल्या जागेत आपले म्हणणे मांडायचे असते. स्वतंत्र चित्रात मिळणारे स्वातंत्र्य येथे नाही. तरीही बेंजामिन यांच्या शैलीला याहून योग्य विषय सापडणे कठीण.

त्याचे कारण कथेतच आहे. एस्तेर ही शूशनच्या राजवाड्यात आपले ज्यू असणे लपवून राहणारी राणी. तिच्या समाजाचा संहार करण्याचा हुकूम निघाल्यावर ती जीव धोक्यात घालून आपली ओळख उघड करते. कथा इराणी दरबारात घडते, आणि भारतीय लघुचित्रकलेचा एक मोठा प्रवाह इराणी दरबारी चित्रकलेतून मुघलांकडे आला. युरोपीय चित्रकारांनी एस्तेरला युरोपीय राणीचा पोशाख चढविला होता. मुघल-इराणी लघुचित्रांच्या धाटणीने ती आपल्या मूळ मुलखाच्या जवळ आली. आणखी एक गोष्ट. अहश्वेरोश राजाचे राज्य एकशे सत्तावीस प्रांतांवर, हिंदुस्थानापासून कूशपर्यंत होते, असे या ग्रंथाचे पहिलेच वचन सांगते. ज्यू धर्मग्रंथात भारताचे नाव येते ते येथे. मुंबईच्या ज्यू कलावतीने याच ग्रंथाच्या समासात रंग भरावा, यात केवळ योगायोग मानण्याचे कारण नाही. कोकणातील तिच्या पूर्वजांनी या दिवसाला होळीचा सण म्हटले होते. सोंगे घेणे आणि रंगणे दोन्हीकडे आहेच.

समाजाचे आटणे

विधिवस्तूला वापरणारा समाज लागतो. सार्वजनिक प्रार्थनेसाठी परंपरेनुसार दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती आवश्यक असते, आणि कोकणातील अनेक प्रार्थनालयांत ती जमविणे आज अवघड झाले आहे. एकेकाळी सुमारे वीस हजार असलेला हा समाज भारतात आता काही हजारांवर आला आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर बहुसंख्य कुटुंबे अश्दोद, लोद, दिमोना येथे स्थिरावली होती.

बेंजामिन यांना या आटण्याची जाणीव आहे, असे त्यांच्या पुढील कामावरून दिसते. २०१०-११ मधील फुलब्राइट शिष्यवृत्तीच्या काळात त्यांनी भारतातील ज्यू व्यक्तींची छायाचित्रे घेतली, त्यांच्या हकिकती ऐकल्या आणि त्या छायाचित्रांभोवती वर्ख, वेलपत्ती व चिन्हे रंगविली. पुढे इस्रायलला गेलेल्या भारतीय ज्यूंचाही त्यांनी असाच वेध घेतला. २०२१ मध्ये ओरी सोल्टेस यांनी संपादित केलेला, भारतीय ज्यू समाज व बेंजामिन यांची कला यांवरील ग्रंथ दिल्लीच्या नियोगी बुक्सने प्रसिद्ध केला. एस्तेरच्या ग्रंथपटात समासात बसलेले अलंकरण या छायाचित्रांत माणसांच्या चेहऱ्यांभोवती आले आहे. ग्रंथपटाला गवसणी घालावी त्याप्रमाणे येथे चेहऱ्याला आवरण मिळते. चेहरे शिक्षिकेचे, गृहिणीचे, प्रार्थनालय सांभाळणाऱ्या वृद्धाचे असोत, वर्ख सर्वांना सारखाच लागतो.