वजावट : एका शब्दामागचा इतिहास

'वजावट' हा शब्द साहित्याच्या अभ्यासकाला निबंधाचा विषय वाटणार नाही. आम्हांला मात्र तो तसा वाटतो. जमा, खर्च, बाकी, वसूल, वजा ही मराठी हिशेबाची भाषा फारसी-अरबीतून आली. शिवकालात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. दुकानाच्या चोपडीतून मात्र हे शब्द हलले नाहीत. खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करातून वजा करून घेण्याचा हक्क, हा 'वजावटी'चा आजचा अर्थ तसा अलीकडचा आहे. तो ज्या विक्रीकरातून पुढे आला, त्याच्या इतिहासात गोंदियाच्या मुलखाचाही वाटा आहे.

आजचा गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. स्वातंत्र्यापूर्वी हा मुलूख मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे. या प्रांताने 1938 मध्ये पेट्रोल व वंगणाच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. उत्पादनशुल्क केंद्राचे असताना प्रांताला असा कर घेता येईल काय, हा प्रश्न फेडरल कोर्टात गेला. सर मॉरिस ग्वायर यांच्या न्यायालयाने प्रांताच्या बाजूने कौल दिला आणि विक्रीकर प्रांतांचा ठरला. 1947 मध्ये याच प्रांताने सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा केला. पुढे 1956 मध्ये हा भाग मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला.

विक्रीकराचा दोष उघड होता. कच्च्या मालावरचा कर किमतीत मुरे आणि त्या फुगलेल्या किमतीवर पुन्हा कर लागे. काही सवलती होत्या. पण प्रत्येक टप्प्यावर चालणारा वजावटीचा हक्क नव्हता. यावरचा उपाय फ्रान्समध्ये मॉरिस लोरे या अधिकाऱ्याने मांडला आणि 1954 मध्ये तो तेथे अमलात आला. भारतात 1986 मध्ये तो प्रथम कारखान्यांच्या उत्पादनशुल्काला लागू झाला, तर महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांपर्यंत 1 एप्रिल 2005 रोजी मूल्यवर्धित कराच्या रूपाने पोहोचला. समजा, एखाद्या मुद्रकाने कागदावर हजार रुपये कर दिला आणि गिऱ्हाइकांकडून दीड हजार घेतला, तर सरकारात भरायचे केवळ पाचशे.

मात्र ही साखळी राज्याच्या सीमेवर तुटत असे. गोंदियाच्या दुकानदाराने शेजारच्या बालाघाटहून माल आणला, तर त्यावरील केंद्रीय विक्रीकराची वजावट मिळत नसे. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि परराज्यातील खरेदीचा करही वजा होऊ लागला.

नव्याने नोंदणी करणाऱ्याचा प्रश्न याहून नाजूक. नोंदणीआधी घेतलेल्या मालावरचा कर बुडाला काय? कायदा म्हणतो, नाही. नोंदणी बंधनकारक झाल्यापासून 30 दिवसांत अर्ज केला असेल, तर आदल्या दिवशी हाती असलेल्या कच्च्या, अर्धवट वा तयार मालातील कराची वजावट मिळते. स्वेच्छेने नोंदणी करणाऱ्यालाही नोंदणी मिळण्याच्या आदल्या दिवशीचा साठा धरता येतो. बिल मात्र वर्षापेक्षा जुने नको. आधी घेतलेल्या यंत्राला ही सोय नाही. थोडक्यात, कायदा नवख्याचा भूतकाळ मान्य करतो; पण जेवढा कागदावर उतरला आहे तेवढाच.

आता आमच्या जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे वळू. छापील पुस्तकाला या करातून माफी आहे. ऐकायला हे औदार्य वाटते. परंतु ज्या विक्रीवर करच नाही, तिच्यासाठी केलेल्या खरेदीची वजावटही नाही. झाडीबोलीतील कवितांचे पुस्तक काढणारा छोटा प्रकाशक कागदावर, छपाईवर, बांधणीवर कर देतो आणि तो कोणाकडूनच परत मिळवू शकत नाही. हा बोजा पुस्तकाच्या किमतीत मुरतो. म्हणजे 2005 पूर्वीचा तोच जुना दोष येथे माफीच्या नावाने नांदतो. ब्रिटनने 1973 मध्ये पुस्तकांसाठी वेगळी वाट निवडली : माफीऐवजी शून्य दर. शून्य दराची विक्री करपात्रच मानली जाते, म्हणून तेथील नोंदणीकृत प्रकाशकाला खरेदीवरील कर परत मिळतो. गोंदियातील भातगिरणीवाल्यालाही हा भेद ठाऊक असतो. सुट्या तांदळाला माफी असल्याने त्यासाठीच्या खर्चावरचा कर त्याच्याच माथी राहतो.

'माफी' आणि 'शून्य' हे दोन शब्द आपण सहज समानार्थी म्हणून वापरतो. एकात हिशेब मिटवून टाकला जातो, तर दुसऱ्यात तो चालू राहतो आणि देणे परत येते. शब्दांच्या छटांवर तासन्‌तास बोलणाऱ्या आम्हा अध्यापकांनी ही छटाही वर्गात शिकवायला हवी. पुस्तकांना करमाफी मिळाली म्हणून आपण समाधान मानले. मागायला हवे होते ते शून्य.