वणव्यानंतरचा बालाघाट

बीडहून सौताड्याचा धबधबा पाहायला निघालेली मंडळी हमरस्त्याने मांजरसुंब्याचा घाट चढून जातात. मी आडरस्ता धरतो. आधी पालवनचा डोंगर, मग कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन आणि पुढे नायगावच्या मयूर अभयारण्याच्या कडेने पाटोदा. डांबर उखडलेलं असतं, पण बालाघाटाचा डोंगर खरा दिसतो तो याच वाटेने.

पालवनच्या उघड्याबोडक्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने सह्याद्री देवराई उभी राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरलं, अध्यक्षपदाचा मान वडाच्या झाडाला मिळाला. याच डोंगराने पुढे वणवाही सोसला. जगवलेली रोपं होरपळलेली पाहून पोटात तुटतं.

वणवा आमच्याकडे जुनाच. राखेवर पहिल्या पावसाला गवत जोमाने येतं, या समजुतीने गुराखी उन्हाळ्यात डोंगर पेटवून देत. गवत येतं, पण बहुतेक कुसळीच. तिचं बी एकदा हातावर घेऊन पाहा. टोक सुईसारखं, मागे पिळलेली लांब शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो आणि बी गरगर फिरत मातीत घुसतं. वर आग, खाली बी सुखरूप. आंजन, धावड्याच्या कोवळ्या रोपाला ही सोय नाही. दरवर्षीच्या आगीने डोंगरावर कुसळी वाढली, झाड मागे पडलं.

टिकलं ते सीताफळ. पानं कडू, म्हणून शेळी तोंड लावत नाही. बुंधा जळला तरी बुडातून नवे धुमारे फुटतात. अमेरिका खंडातून आलेलं हे झाड, पण बालाघाटाची माती त्यानेच धरून ठेवली, असं माझं ठाम मत आहे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

१९७२ च्या दुष्काळात माझे वडील याच भागात खडी फोडायला होते. मजुरीबरोबर सुकडी मिळायची. त्या कामांतून रस्ते झाले, पाझर तलाव झाले. पुढे माणसं ऊसतोडीला जाऊ लागली. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन गेलेलं गाव उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. नेमकं गाव बाहेर असतं त्याच दिवसांत गवत वाळून कोळ झालेलं असतं, आणि धूर दिसला तरी हिरव्या फांद्यांनी आग झोडपायला गावात म्हातारी माणसं आणि पोरंच उरलेली असतात. वनविभाग जाळरेषा काढतो, पण एवढ्या डोंगराला त्याची माणसं कुठवर पुरणार?

या वाटेने जाणार असाल तर श्रावणात जा, सीताफळं खायची असतील तर दसऱ्याच्या सुमारास. फेब्रुवारीनंतर गेलात तर विडी-काडी गाडीतच राहू द्या, चूल मांडू नका, आणि कुठे धूर दिसलाच तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.