एजहिलची भुते आणि राजाची चौकशी



भुताखेतांच्या गोष्टी सांगण्यासाठी ही व्याख्यानमाला नाही, हे आम्ही जाणतो. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीत बसून वाचले. त्या वाचनात एक चमत्कारिक प्रकरण आढळले. इंग्लंडच्या एका राजाने रणांगणावरील भुतांची चौकशी करण्यासाठी आपले सरदार पाठविले होते! चौकशी म्हटली की आमच्यासारख्याचे कान टवकारतात. चौकशी कोणी नेमली, साक्षी कोणाच्या झाल्या आणि अहवालात नावे कोणाची आली, हे तीन प्रश्न विचारण्याची आम्हांला सवयच जडली आहे. तेच प्रश्न आज आम्ही या प्रकरणाला विचारणार आहोत.

प्रथम लढाईची हकीकत थोडक्यात सांगू. पहिला चार्ल्स राजा आणि त्याची पार्लमेंट यांचे कर, धर्म आणि सैन्यावरील सत्ता यांवरून बिनसले आणि १६४२ साली यादवी युद्ध पेटले. त्यातील पहिली मोठी लढाई वॉरिकशायर परगण्यात एजहिल नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी, रॅडवे आणि काइन्टन या गावांच्या दरम्यान, २३ ऑक्टोबर १६४२ रोजी झाली. तो रविवार होता. पार्लमेंटच्या बाजूने अर्ल ऑफ एसेक्स सेनापती होता. राजाचा भाचा रूपर्ट याने घोडदळानिशी असा हल्ला चढविला की समोरची फळी फुटली. परंतु त्याचे स्वार पाठलाग करीत काइन्टनपर्यंत गेले आणि तेथे सामानाच्या गाड्या लुटत बसले. इकडे पायदळे एकमेकांना भिडली ती अंधार पडेतो. निकाल कोणाचाच लागला नाही. सुमारे दीड हजार माणसे मेली. रात्री कडाक्याची थंडी पडली आणि जखमी तसेच उघड्या शिवारात कण्हत पडले.

मेलेल्यांत सर एडमंड व्हर्नी होता. तो राजाचा निशाणबरदार. त्याला राजाची बाजू मनापासून पटत नव्हती; राजाने नमते घ्यावे असे त्याचे मत होते. परंतु तीस वर्षे ज्याचे मीठ खाल्ले त्याला ऐन वेळी सोडणे त्याच्याने होईना. त्याचा थोरला मुलगा राल्फ पार्लमेंटच्या पक्षात होता. बाप निशाण सांभाळता सांभाळता पडला. निशाण पुढे परत मिळाले. व्हर्नीचा देह मात्र कधीच ओळखू आला नाही.

यानंतर दोन महिन्यांनी नाताळ आला. २३ जानेवारी १६४३ ही तारीख असलेले एक पत्रक लंडनमध्ये छापून निघाले. त्यावर साल १६४२ आहे, कारण तेव्हा इंग्लंडात नवे वर्ष मार्चमध्ये सुरू होई. पत्रकातील हकीकत अशी. नाताळच्या आदल्या शनिवारी मध्यरात्रीनंतर काही मेंढपाळ आणि वाटसरू टेकडीजवळून चालले होते. त्यांना दुरून नगारे ऐकू आले, मग कण्हणे, आणि मग आकाशात दोन फौजा निशाणे, घोडे, बंदुका यांसह लढताना दिसल्या. दोन-तीन तास हा प्रकार चालला. घाबरलेली माणसे विल्यम वुड या न्यायाधीशाकडे धावली. त्याने शेजारच्या सॅम्युअल मार्शल या धर्मोपदेशकाला बोलावून शपथेवर साक्षी घेतल्या. दुसऱ्या रात्री ते दोघे गावच्या प्रतिष्ठितांसह स्वतः गेले आणि त्यांनाही तेच दिसले. मग ऑक्सफर्डला मुक्काम असलेल्या राजाने कर्नल लुइस कर्क, कॅप्टन डडली, कॅप्टन वेनमन आणि आणखी तिघांना पाठविले. त्यांनीही रात्री जागून ती लढाई पाहिली, त्यात सर एडमंड व्हर्नीला ओळखले आणि राजासमोर शपथेवर तसे सांगितले.

या हकीकतीवर विश्वास किती ठेवावा? राजाच्या चौकशीची ही कथा आपल्यापर्यंत येते ती या पत्रकाच्याच आधाराने. आणि ज्या पत्रकाने शपथांचा एवढा डौल मिरविला त्याच्या मुखपृष्ठावर काइन्टन हे गाव शेजारच्या नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये घातले आहे. ज्याला गावचा परगणा ठाऊक नाही, त्याने आकाशातील चेहरे ओळखल्याचे सांगावे! १६४१ मध्ये स्टार चेंबर हे कोर्ट बरखास्त झाल्यापासून छापखान्यांवरचा जुना दाब सुटला होता आणि लंडनमध्ये असल्या पत्रकांचा नुसता पूर लोटला होता. जॉर्ज थॉमसन नावाच्या पुस्तकविक्रेत्याने वीसेक वर्षांत असली बावीस हजारांहून अधिक प्रकाशने गोळा करून ठेवली. अद्भुत बातमी खपते, हे तेव्हाच्या मुद्रकांना आजच्याइतकेच चांगले कळत होते.

परंतु तेवढे म्हणून हे प्रकरण निकालात काढणे आम्हांला बरोबर वाटत नाही. पत्रकाचा शेवट पाहावा. हा देवाचा कोप आहे, राजा आणि पार्लमेंट यांनी आता समेट करावा, अशी त्यात प्रार्थना आहे. त्याच हिवाळ्यात लंडनमध्ये तहासाठी अर्ज चालले होते आणि पुढे ऑक्सफर्डला वाटाघाटीही झाल्या. युद्ध पुरे करा, असे राजाला तोंडावर सांगण्याची मेंढपाळाची काय छाती? तेच मेलेल्यांच्या तोंडून वदविले की राजालाही सरदार पाठवावे लागतात. भूत खरे नसेल; त्यामागची दहशत आणि शांततेची तळमळ खरी होती.

आता तिसरा प्रश्न. अहवालात नाव कोणाचे आले? व्हर्नीचे. दीड हजारांतून ओळखले गेले ते राजाचे निशाण धरणारे. आपल्याकडे पानिपतच्या १७६१ च्या संग्रामानंतर सावकारी सांकेतिक भाषेत निरोप आला होता. त्यात मोती दोन, मोहरा सत्तावीस आणि रुपये-खुर्दा मात्र अगणित, असा हिशेब होता. एजहिलच्या आकाशातही मोती तेवढा ओळखला गेला. खुर्द्याचे चेहरे पाहण्यासाठी कोणी रात्र जागविली नाही.

असे आम्ही समजत होतो. पुढे वाचनात हेस्टर व्हाइट या बाईचे नाव आले. वॉरिकशायरमधील ही सामान्य स्त्री. एजहिलला जखमी झालेले पार्लमेंटचे शिपाई तिच्या घरी आणून ठेवले होते. सुमारे तीन महिने ते जखमांनी तळमळत तिथे पडून होते. तिने त्यांच्या उशाशी दिवसरात्र काढली, पदरचे पैसे घातले आणि मग त्या खर्चाच्या भरपाईसाठी अर्ज केला. त्या अर्जामुळेच तिचे नाव उरले. तारखा जुळवून पाहा. लढाईनंतरच्या तीन महिन्यांत नाताळ येतो. टेकडीवर सरदार आकाशातले कण्हणे ऐकत होते तेव्हा त्याच परगण्यात हाडामांसाची माणसे खरोखर कण्हत होती, आणि त्यांच्याजवळ एक बाई जागत होती.

त्या कण्हण्याची दखल कायद्यानेही थोडीफार घेतली होती. लढाईत लुळ्यापांगळ्या झालेल्या शिपायांना परगण्याने निर्वाहवेतन द्यावे असा कायदा १५९३ पासून होता. ऑक्टोबर १६४२ मध्येच पार्लमेंटने आपल्या जखमींची आणि पडलेल्यांच्या बायकामुलांची काळजी घेण्याचे वचन दिले. राज्याने सामान्य शिपायाच्या विधवेचे देणे मान्य करावे, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. परंतु १६६० मध्ये राजघराणे परत आले आणि १६६२ च्या कायद्याने मदत राजाच्या बाजूने लढलेल्यांसाठी ठरली. पार्लमेंटच्या शिपायाचा तुटलेला पाय तोच राहिला, वेतन गेले.

आमच्या उमेदीच्या काळातील एक अनुभव सांगतो. एका कारखान्यात रात्रपाळीत एक मदतनीस पट्ट्यात सापडून मेला. पंधरा दिवसांत बोभाटा झाला की त्या खात्यात रात्री तो हाका मारतो. माणसे पाळीवर येईनात. मालकाने शांत करण्यासाठी भटजी बोलावला. आम्ही चौघांनी तीन रात्री तिथे जागून काढल्या. हाक ऐकू आली नाही. परंतु त्या जागरणात माणसे बोलू लागली. पट्ट्यावरची जाळी कितीतरी दिवसांपासून काढून ठेवलेली होती आणि मयताच्या बायकोला भरपाईचा एक पैसाही मिळाला नव्हता. आम्ही दोन्ही गोष्टी धसास लावल्या. जाळी बसली, बाईला पैसे मिळाले आणि हाका थांबल्या. ज्याची वासना राहते तो फिरतो, असे आमच्या गावी म्हणतात. आमचा अनुभव असा की वासना मेलेल्याची नसते. देणे जिवंतांचे राहिलेले असते.

एजहिलच्या रणभूमीचा बराचसा भाग दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लष्कराच्या दारूगोळ्याच्या कोठाराखाली गेला आहे. जगभर अशा रणभूमींवर आजही हौशी मंडळी रात्री ध्वनिमुद्रणाची यंत्रे आणि उष्णतामापके घेऊन बसतात. त्यांना आम्ही हसत नाही. मेलेल्यांचे काहीतरी सांगायचे राहिले आहे, ही त्यांची शंका अगदीच खोटी नाही. मात्र ते ऐकायचे तर टेकडीवर जाऊन भागत नाही. परगण्याच्या दप्तरात विधवांचे आणि जखमींचे अर्ज आहेत. त्यात माणसे आपले नाव, गाव, जखम आणि पोटची पोरे स्वतः सांगत आहेत. आपल्याही गावोगावच्या दप्तरांत असे कागद पडून असतील. कोणी त्यांच्यासाठी एक रात्र जागवील तर त्या चौकशीत आम्ही आनंदाने सामील होऊ.