जागेवरची सायकल आणि खरा वॉट

सायकल स्टँडवर उभी करायची, मागचे चाक अधांतरी, आणि मग वर बसून पेडल मारत सुटायचे. आमच्या पिढीतल्या बहुतेक मुलांनी हा न हलणारा प्रवास केलेला आहे. चाक गरगर फिरे, पण पायांना काही लागत नसे. डायनॅमो टायरला टेकवला की मात्र पाय जड. चाकू-सुऱ्यांना धार लावणारा दारात यायचा, तोही सायकल स्टँडवर लावूनच पेडल मारायचा, आणि सुरी दगडाला टेकली की त्याच्या पोटऱ्या ताठ होत. हल्ली ज्याला ‘इनडोअर ट्रेनर’ म्हणतात त्याचे निम्मे शास्त्र यात आले. उरलेले निम्मे म्हणजे पायांनी लावलेला जोर मोजणे. पैसे पडतात ते त्या मोजणीचे.

मी या विषयाच्या नादी लागलो तो नातवामुळे. तो पुण्यात असतो, पहाटे कात्रजच्या घाटात सायकल घेऊन जायचा. तिथली ट्रकची रहदारी एकदा पाहिल्यावर सूनबाईंनी ते बंद करवले. आता त्याला घरात बसून पडद्यावरचे घाट चढायचे आहेत, आणि ट्रेनरच्या किमती काही हजारांपासून लाखाच्या वर. “आजोबा, स्वस्तातला घेतला तर चालेल का?” एवढ्याशा प्रश्नाचे उत्तर थेट अठराव्या शतकापासून शोधायला लागणे, हा मास्तरी स्वभाव. असो.

१७९६ साली लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्स यांनी ‘जिम्नॅस्टिकॉन’ नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. हातापायांचे सांधे हलते राहावेत म्हणून केलेले ते यंत्र. सायकलचा तेव्हा पत्ताही नव्हता, म्हणजे बघा, घरात बसून पाय फिरवण्याची कल्पना सायकलपेक्षा जुनी!

पण शर्यतीची गंमत मला सापडली ती टायटॅनिक जहाजावर. तिथल्या व्यायामशाळेत जागेवरच्या दोन सायकली होत्या आणि समोर भिंतीवर मोठी तबकडी. एकाचा काटा लाल, दुसऱ्याचा निळा. १० एप्रिल १९१२ रोजी, जहाज साउदम्प्टनहून निघण्यापूर्वी, लॉरेन्स बीझली नावाचे प्रवासी त्या सायकलवर बसून बघत होते, तेवढ्यात दोन छायाचित्रकार आले आणि त्यांनी फोटो काढला. हे बीझली विज्ञानाचे शिक्षक. ते वाचले आणि त्यांनी त्याच वर्षी पुस्तकही लिहिले, त्यात हा प्रसंग आहे. आज पडद्यावर दोन खेळाडू शर्यत लावतात, त्याची ही आजी म्हणायला हरकत नाही. फक्त तिचा एक दोष होता. काटा अंतर दाखवायचा, कष्ट नाही. चढ नाही, वारा नाही, आणि बसणारा पन्नास किलोचा की शंभरचा, याच्याशी तबकडीला कर्तव्य नव्हते.

कष्ट मोजायची निकड खेळाडूंना नव्हे, शरीरशास्त्राच्या अभ्यासकांना होती. माणूस किती काम करताना किती प्राणवायू घेतो, हे त्यांना हवे होते. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी १९१३ मध्ये विजेच्या चुंबकाने रोखल्या जाणाऱ्या चाकाची सायकल वापरली. (१९२० चे नोबेल मिळवणारे तेच हे क्रोग.) उपकरण उत्तम, पण ते प्रयोगशाळेचे.

मग १९५४ साली स्वीडनच्या विल्हेल्म फॉन डोबेल्न यांनी जे केले, ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. जड चाकाभोवती एक पट्टा, पट्ट्याची टोके एका लोलकाच्या तराजूला जोडलेली. पेडल मारताना पट्टा ओढला जातो, लोलक सरकतो, पट्टीवर आकडा वाचायचा. तराजू खरा की खोटा हे बघायचे तर माहितीचे वजन टांगायचे, झाले! पुढे स्वीडनच्याच मोनार्कने याच तत्त्वावर सायकली केल्या. त्यांचे गणित सातवीच्या मुलाला करता येईल. पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा काठ ६ मीटर सरकतो. मिनिटाला ५० फेरे म्हणजे ३०० मीटर. पट्ट्यावर १ किलोचा ताण असेल तर हे काम होते सुमारे ५० वॉट. २ किलो केला की १००. ना वीज, ना संगणक. वजनमापे खात्याचा शिक्का असलेला वाण्याचा तराजू जसा, तसा हा प्रकार. या साऱ्या इतिहासात माझ्या मते सर्वांत मोठे काम हेच, आणि नेमके त्याच्याविषयी कोणी बोलत नाही.

घरच्या खेळाडूंकडे मात्र बराच काळ पंख्याचे किंवा चुंबकाचे ट्रेनर होते. आपलीच सायकल अडकवायची, मागचा टायर एका रुळावर घासतो, रुळाला पंखा. घाम निघतो, आकडा निघत नाही. अमेरिकेत सिअॅटलच्या रेसरमेट कंपनीने १९८० च्या दशकात ‘कॉम्प्युट्रेनर’ काढला, आणि चढ आला की संगणकच चाक जड करू लागला. महागडे यंत्र होते ते. २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. कारण तोवर २०१२ मध्ये वाहूचा ‘किकर’ आला होता. यात मागचे चाक काढूनच टाकतात आणि साखळी थेट यंत्रावर चढवतात. आणि २०१४ मध्ये ‘झ्विफ्ट’ आले. तुमचे वॉट, तुमचे वजन आणि रस्त्याचा चढ यांवरून पडद्यावरच्या माणसाचा वेग काढायचा, एवढेच ते करते. त्यांचा एक घाट फ्रान्समधल्या आल्प द्युएझवर बेतलेला आहे, २१ वळणे आणि हजार मीटरची चढण. सिंहगड अजून कोणी केलेला दिसत नाही!

हा पोरखेळ आहे असे मलाही वाटले असते, पण मॅथ्यू हेमन यांची हकीकत वाचा. या ऑस्ट्रेलियन खेळाडूचा हात फेब्रुवारी २०१६ मध्ये मोडला. ते घरातच ट्रेनरवर झ्विफ्टमध्ये सराव करत राहिले आणि सहा आठवड्यांनी फरशीबंद रस्त्यांची पॅरिस-रुबे शर्यत जिंकले. तारीख १० एप्रिलच. (योगायोग, दुसरे काही नाही.)

पण शर्यत आली की तराजूचा प्रश्न आलाच. डिसेंबर २०२० मध्ये, कोविडच्या दिवसांत, या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. सगळे आपापल्या घरी. तेव्हा सर्वांना एकाच बनावटीचे ट्रेनर दिले होते, म्हणजे कोणाचा वॉट लबाड नको. पुरुषांत जिंकला जर्मनीचा जेसन ऑसबॉर्न, मुळातला नौकानयनपटू. महिलांत दक्षिण आफ्रिकेच्या अॅशली मूलमन-पासिओ.

आता नातवाच्या प्रश्नाकडे. २०१२ मध्ये थेट साखळीच्या ट्रेनरला हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागत. २०२२ मध्ये झ्विफ्टने स्वतःचा ४९९ ला काढला, वाहूने त्यावर दावा लावला, २०२३ मध्ये तडजोड झाली. २०२४ मध्ये जेटब्लॅकचा ‘व्हिक्टरी’ ३९९ ला आला. नुसत्या विनिमयानेच हे तीस हजारांच्या पुढे जाते, आयातकर आणि वाहतूक वेगळी. वर झ्विफ्टची वर्गणी, २०२४ पासून महिना १९.९९ डॉलर. ‘मायवूश’ला मात्र वर्गणी नाही, आणि २०२४ ची जागतिक स्पर्धा त्यावरच झाली, तेव्हा फुकटचे म्हणून नाक मुरडू नये.

मी त्याला विचारले, तुला अनोळखी लोकांशी शर्यत लावायची आहे, की स्वतःची ताकद वाढवायची आहे? शर्यत असेल तर थेट साखळीचाच घे, त्यासाठी थांबावे लागले तरी थांब. स्वतःपुरते असेल तर टायर घासणारा जुना ट्रेनर पुरे. तो दहा वॉट जास्त दाखवेल, दाखवू दे. घरचा वजनकाटा अर्धा किलो जास्त दाखवत असला तरी महिन्यात किती घटले ते बरोबरच सांगतो. अट एक, चूक रोज सारखी हवी. म्हणून टायरमध्ये हवा दर वेळी मोजून तितकीच, रुळाचा दाबही तितकाच, आणि टायर दहा मिनिटे तापल्यावरच आकडा लिहायचा. थेट साखळीचा घेताना मागचे दातेरी चक्र किमतीत आहे की वेगळे, आणि आपल्या सायकलचा मागचा आस त्यात बसतो का, हे आधी विचारायचे. वरच्या मजल्यावर राहत असल्यास खालच्यांची झोपही हिशेबात धरायची.

“स्वतःपुरतेच,” तो म्हणाला, पण जरा थांबून म्हणाला. कोथरूडमध्ये एकाकडे वापरलेला ट्रेनर आहे. रविवारी तो सायकल आणि हवा मोजायचा गेज घेऊन बघायला जाणार आहे.