जुन्या मालमोटारीचे दान

गतवर्षी आपल्या विद्यार्थी वसतिगृहास एका ज्ञातिबंधूंनी आपली जुनी पिकअप गाडी दान दिली. गाडी आवारात येऊन उभी राहिली, तिला हार घालण्यात आला, मुलांना पेढे वाटले गेले. मग दात्यांनी सहज विचारले, "पावती किती रुपयांची देणार?" खजिनदारांनी माझ्याकडे पाहिले. जन्मभर मुलांना इतिहास शिकविला, परंतु या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. पुढे वाचन करिता असे आढळले की, नेमका हाच प्रश्न अमेरिकेसारख्या धनाढ्य राष्ट्राच्या विधिमंडळासही सोडवावा लागला होता. ती हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

निरुपयोगी वस्तूच्या दानाचा प्रश्न आपणास नवा नाही. कठोपनिषदात नचिकेत्याचा पिता यज्ञात गायी दान देतो. त्या गायी दूध देण्याच्या पलीकडे गेलेल्या असतात. लहानग्या पुत्राच्या मनात तेथेच शंका उभी राहते. अलीकडचे उदाहरण भूदानाचे. १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्ली येथे विनोबांना पहिली जमीन मिळाली व थोर चळवळ उभी राहिली. तथापि, मिळालेल्या जमिनीपैकी बरीचशी नापीक किंवा तंट्यात सापडलेली निघाली, हेही इतिहासास नोंदवावे लागले.

अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या दानास संघटित स्वरूप आले ते बोस्टन शहरात. १९०२ साली एडगर हेल्म्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने सधन वस्त्यांतून जुने कपडे व घरगुती सामान गोळा करण्यास प्रारंभ केला. गोरगरिबांकडूनच ते दुरुस्त करवून घ्यावयाचे, त्यांना मजुरी द्यावयाची, आणि तो माल स्वस्तात विकावयाचा, अशी ही योजना. 'गुडविल' ही विख्यात संस्था तिच्यातूनच जन्मास आली. वस्तू जुनी खरी, पण तिच्यावर कोणाचे तरी श्रम पडत आणि त्या श्रमातून एखाद्याची चूल पेटत असे.

पुढे दोन गोष्टींची सांगड पडली. १९१७ साली तेथील प्राप्तिकर कायद्यात धर्मादाय देणग्यांस वजावट मिळाली. आणि १९२५ साली फोर्ड कंपनीने आपल्या 'मॉडेल टी' मोटारीस मागे उघडा हौदा जोडून कारखान्यातच तयार झालेली पिकअप २८१ डॉलरना विक्रीस आणली. शेतकरी, सुतार, नळकाम करणारे, सर्वांचे हे वाहन. घरोघरी वाहने झाली, तशी अंगणात जुनी वाहनेही साचू लागली. ती संस्थेस द्यावी, पुस्तकात छापलेली बाजारातील किंमत करपत्रकात लिहावी व तेवढ्या उत्पन्नावरील कर वाचवावा, अशी रीत पडली. संस्थांनाही ती गाडी नकोच असे. मध्यस्थ ती उचलून नेई, लिलावात विकी, आणि खर्च वजा जाता उरलेले संस्थेस पाठवी.

किती उरे? तेथील विधिमंडळाच्या सर्वसाधारण लेखा कार्यालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये याचा अहवाल प्रसिद्ध केला. २००० या करवर्षात सुमारे ७ लक्ष ३३ हजार करदात्यांनी वाहनदानाची वजावट मागितली होती व त्यामुळे सुमारे ६५ कोटी ४० लक्ष डॉलरचा कर कमी भरला गेला होता. तपासकांनी ५४ गाड्यांचा शेवटपर्यंत माग काढला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांत दात्याने लिहिलेल्या किमतीच्या शेकडा ५ किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडल्याचे दिसले. त्यांतील १९८३ सालच्या एका जीएमसी मालमोटारीची कथा तर मुळातून सांगण्याजोगी आहे. लिलावात तिचे ३७५ डॉलर आले. मध्यस्थाचा व जाहिरातीचा खर्च वजा जाता ६३ उरले. त्यांचीही निम्मी वाटणी होऊन संस्थेस मिळाले ३१ डॉलर ५० सेंट. दात्याने करपत्रकात लिहिले होते २,४०० डॉलर! बरे, यात कोणी चोरी केली असेही नव्हे. त्या वेळच्या नियमांत हे सारे बसत होते.

ऑक्टोबर २००४ मध्ये कायदा बदलला व १ जानेवारी २००५ पासून अंमलात आला. ५०० डॉलरहून अधिक वजावट मागावयाची असेल आणि संस्थेने गाडी विकून टाकली असेल, तर विक्रीत आली तेवढीच रक्कम धरावयाची; आणि ती रक्कम संस्थेने विक्रीपासून ३० दिवसांत दात्यास लेखी कळवावयाची. मात्र संस्थेने ती गाडी स्वतःच्या कार्यासाठी खरोखर वापरली, तिची मोठी दुरुस्ती केली, किंवा एखाद्या गरजूस फुकट अथवा अल्प किमतीत दिली, तर पूर्वीप्रमाणे बाजारभाव चालतो. मला हा अपवाद मूळ नियमाहून अधिक मोलाचा वाटतो. नव्या नियमानंतर अशा मागण्या झपाट्याने घटल्या, यावरून काय समजावयाचे ते सुज्ञांनी समजावे. आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना त्या देशी आहेत. त्यांनाही हा नियम लागू आहे.

आपल्याकडे प्राप्तिकराची सवलत पैशाच्या रूपातील देणगीसच मिळते, वस्तूस नाही. तेव्हा पावतीवरील आकड्याचा दात्यास तसा उपयोगही नव्हता. उलट खरी काळजी निराळीच होती. नमुना २९ व ३० भरून गाडी संस्थेच्या नावे चढविली नाही, तर अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. म्हणजे हार घालून दिलेली गाडी उद्या दात्याच्याच गळ्यात यावयाची! विमा व योग्यता-प्रमाणपत्र यांचा खर्च तो वेगळाच.

आम्ही प्रथम नाव बदलून घेतले, विमा उतरविला. त्यानंतर खजिनदारांनी पावती फाडली. तीवर लिहिले, "एक जुनी पिकअप गाडी, चालू स्थितीत, मिळाली." आकड्याची जागा कोरी. दाते क्षणभर हिरमुसले. मग कागदाची घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला. गाडी सध्या आठवड्यातून दोनदा बाजारातून वसतिगृहाचा भाजीपाला व धान्य आणते. पुढचे दोन टायर तेवढे बदलावयाचे आहेत.