शोआचे शिक्षण आणि आपली मुले

शोआमध्ये ६० लक्ष ज्यू मारले गेले. त्या काळी आपले वाडवडील कोकणात, मुंबईत सुखरूप होते. म्हणून इस्रायलच्या शाळेत आपले मूल हा धडा ऐकते, तेव्हा घरी विचारायला तशी आठवण नसते. शिक्षकाचे काम येथेच कठीण होते.

आरंभी या देशातही वाचलेली माणसे फारशी बोलत नसत. १९६१ च्या आइखमान खटल्यात शंभराहून अधिक साक्षी झाल्या, आणि तोंडे उघडली. १९८० साली शिक्षणाच्या कायद्यात शोआचे भान हे उद्दिष्ट घातले गेले. १९९३ साली याद वाशेमने यासाठी विद्यालय काढले. तेथे शिक्षकांना सांगतात, प्रेतांच्या ढिगाने सुरुवात करू नका. आधी युद्धापूर्वीचे घर, शाळा, शब्बाथ दाखवा, एका कुटुंबाची हकिगत सांगा, लहानांना भेदरवू नका. हे फार योग्य वाटते.

पूर्वग्रहाचा धडा मात्र जर्मनीवर संपत नाही. १९६२ साली रब्बीमंडळाने आपल्या लोकांच्या विवाहापूर्वी वंशाची चौकशी करण्याचा हुकूम काढला. दोहोंची तुलना होऊच शकत नाही, कोणी करूही नये. पण १९६४ साली क्नेसेटने आपल्याला सर्व बाबतींत ज्यू मानीपर्यंत जे आंदोलन झाले, ते पाहिलेले आजी-आजोबा आपल्यात अजून आहेत. शिक्षकांनी त्यांनाही वर्गात बोलवावे.