शिष्य झाला गुरु

ज्याने उमेदीच्या काळात ईस्ट बंगाल वा मोहन बागान यांपैकी एकाही संघाचा गणवेश अंगावर चढविला नाही, त्याच गृहस्थास पुढे दोन्ही संघांनी गुरुस्थानी मानावे, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे. प्रदीपकुमार बॅनर्जी (१९३६–२०२०) हे पूर्व रेल्वेच्या फुटबॉल संघातील आघाडीचे खेळाडू. १९५८ साली या संघाने कलकत्ता लीग जिंकून बड्या संघांची सद्दी मोडली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये बॅनर्जी भारताचे कर्णधार होते. फ्रान्सशी झालेल्या बरोबरीतील आपला गोल त्यांचाच. १९६२ साली जाकार्ता येथे दक्षिण कोरियास २–१ असे नमवून भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले, त्यातही एक गोल त्यांचा होता.

या दोन्ही संघांचे शिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम १९६३ साली निवर्तले. परंतु त्यांची विद्या लोपली नाही. १९७० मध्ये बँकॉक येथे भारताने आशियाई कांस्यपदक मिळविले, तेव्हा प्रशिक्षकांत बॅनर्जी होते. १९७५ च्या आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५–० असा पराभव केला आणि पुढच्याच वर्षी मोहन बागानने त्यांनाच पाचारण केले! १९७७ साली पेलेच्या कॉसमॉस संघाशी याच मोहन बागानने २–२ अशी बरोबरी साधली.

पायांतील चपळाई वयापरत्वे ओसरते. शिष्यास दिलेली विद्या मात्र गुरूमागेही मैदानात उभी राहते.